ओसीडी नसल्याचा दाखला

दत्तोपंत देगलूरकरांना ओसीडी नव्हता. हे त्यांना स्वतःला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. प्रश्न फक्त ते लेखी मिळवण्याचा होता. छत्तीस वर्षं सरकारी कचेरीच्या आस्थापना विभागात काढून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाचं तोंडी गोष्टींवर समाधान होत नाही.

सुरुवात केली शेजारच्या नीलाबाईंनी. दत्तोपंत गच्चीवर कपडे वाळत घालत होते. देगलूरकरांकडे कपडे वयानुसार वाळतात. आधी दत्तोपंतांचे, मग पत्नी सरोजिनीबाईंचे. चिमटे रंगवार, आणि सगळ्या सदऱ्यांच्या कॉलरी उत्तरेकडे. नीलाबाई पलीकडच्या गच्चीवरून बराच वेळ हे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "भाऊजी, मोबाईलवर बघितलं मी. ज्याला सगळं सरळ लागतं ना, त्याला ओसीडी असतंय. मेंदूचं हाय ते. लवकर दाखवा."

आठ दिवसांत लातूरच्या त्या कॉलनीत दत्तोपंतांचं नाव 'ओसीडीकाका' पडलं. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी उपाय सुचवले. एकानं नाकात तूप सोडायला सांगितलं. दुसरा म्हणाला, घरातली एक वस्तू रोज मुद्दाम वाकडी ठेवत जा, आणि तो सल्ला देऊनच थांबला नाही. घरी चहाला आला तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर स्वतःच्या हातानं तिरकं करून निघाला. तो फाटकापर्यंत पोचायच्या आत दत्तोपंतांनी ते सरळ केलं. त्यानं नेमकं वळून बघितलं आणि रस्त्यावरून ओरडला, "हे बघा! हेच ते!"

त्या दिवशी दत्तोपंतांनी ठरवलं, दाखला घ्यायचा. 'श्री. देगलूरकर यांना सदर आजार नाही' असा, सहीशिक्क्यानिशी. आणि तो दिवाणखान्यात लावायचा. सरळ.

लातुरात मनाच्या डॉक्टरांची वाण नव्हती, पण दवाखान्याची पायरी चढताना कुणी बघितलं तर दाखल्याचा उपयोग काय? म्हणून नांदेडच्या डॉक्टर बुद्धप्रिया यांचं नाव निघालं. दत्तोपंतांनी फोन लावला. नोंदणीच्या टेबलावर पंचशीला नावाची मुलगी होती.

"तक्रार काय आहे काका?"

"तक्रार काहीच नाही. तक्रार नसल्याचा दाखला पाहिजे."

"काका, इथं तक्रार असलेलीच माणसं येतात. रकान्यात काय लिहू?"

"निरंक लिहा."

पंचशीलानं निरंक लिहिलं. मग मंगळवारचा नऊ नंबर मिळाला. वेळ अकराची, एकनंतर नवीन पेशंटची नोंदणी बंद.

मुलानं, म्हणजे श्रीनाथनं, पुण्याला जाताना आपली गाडी आईवडलांसाठी मागं ठेवली होती. पण दत्तोपंत ती चालवत नसत. सगळे नियम पाळून गाडी चालवली तर गांधी चौक ओलांडताच येत नाही, हे त्यांनी एकदा पाऊण तास तिथं उभं राहून सिद्ध केलं होतं. तेव्हा सरोजिनीबाईंनी मागच्या गल्लीतल्या वीरण्णांना विचारलं. वीरण्णा एसटीत ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं चाक हातात आणि अपघात शून्य. त्याबद्दल महामंडळानं स्टेजवर बोलावून सत्कारही केला होता. अबोल, सरळ माणूस. विचारल्यावर ते थोडा वेळ पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "येतो वहिनी."

दत्तोपंतांना हा माणूस पसंत होता. त्यांनी प्रवासाचं वेळापत्रक तीन प्रतींत टाईप केलं. लातूर साडेसहा. चाकूर सव्वासात. अहमदपूर आठ, चहा बारा मिनिटं. लोहा नऊ वीस. नांदेड सव्वादहा. एक प्रत वीरण्णांना, एक सरोजिनीबाईंना, एक फाईलला.

मंगळवारी साडेसहाला गाडी सुटली. सहा अठ्ठेचाळीसला एका खड्ड्यात गचका बसला. वीरण्णांनी वेग कमी केला, आरशात बघितलं, पुन्हा बघितलं, आणि पुढच्या वळणावर गाडी चक्क लातूरच्या दिशेनं फिरवली.

"काय राहिलं का?" दत्तोपंतांनी विचारलं.

"न्हाई साहेब. जरा बघून येतो."

खड्ड्यापाशी येऊन वीरण्णा उतरले. रस्ता बघितला, कडेचं गवत बघितलं, नालीत वाकून बघितलं. परत येऊन बसले. कपाळावर घाम होता, आणि हवा तर चांगली गार होती. "काई न्हाई," ते म्हणाले, बहुधा स्वतःलाच.

सात वाजून चार मिनिटांनी एक कुत्रं आडवं गेलं, म्हणजे चांगलं वीस हातांवरून गेलं. गाडी वळली. सात एकवीसला एक सायकलवाला कडेनं गेला. गाडी वळली. चाकूरच्या गतिरोधकावर तर तीनदा. तिथला चहावाला तिसऱ्या फेरीला टपरीतून बाहेर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मालक, पत्ता सापडंना का? कुणाच्या घरी जायचंय?"

दत्तोपंतांच्या संतापाचा एक ठराविक मार्ग होता, तो वहीतून जायचा. त्यांनी खिशातली वही काढली आणि नोंदी सुरू केल्या: 'वळणे क्र. ६. कारण: अज्ञात. वेळेचा अपव्यय: ९ मि.' अशा नोंदी पुढं कामाला येतात, हा त्यांचा छत्तीस वर्षांचा अनुभव. सरोजिनीबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या, "अहो, विचारा की त्यांना काय होतंय."

"विचारायचं काय त्यात? बेशिस्त आहे ती."

चाकूरच्या पुढं वीरण्णा पुन्हा उतरून कडेचं गवत न्याहाळत होते आणि दत्तोपंत गाडीला टेकून वहीत लिहीत होते. आता एक माणूस रस्त्याची कड वाकून बघतोय आणि दुसरा वहीत टिपून घेतोय, हे बघितल्यावर मराठवाड्यात जे व्हायचं तेच झालं. शेतातून एक म्हातारा टॉवेल झटकत आला. व्यंकटी त्याचं नाव.

"मोजणीचं साहेब का? बरं झालं आलात. रस्ता रुंद करायलात तर आमची मोरी घ्या त्यात. पाणी समदं रानात घुसायलंय. तीनदा अर्ज दिलाय."

त्यानं बंडीतून चौथा अर्ज काढला. दत्तोपंत त्याला सांगणार होते की बाबा, आम्ही मोजणीचे नव्हेत. पण अर्जावर त्यांची नजर पडली. विषय लिहिलेला नव्हता, संदर्भ नव्हता, आणि 'मोरी' हा शब्द दोन ठिकाणी दोन तऱ्हेनं लिहिला होता. असा अर्ज तसाच सोडून देणं त्यांच्या हातून होण्यासारखं नव्हतं. ते बांधावर बसले आणि अर्ज नव्यानं लिहायला घेतला. पहिला खर्डा समासामुळे बाद झाला. दुसऱ्यात शाई पसरली. तिसरा झाला तेव्हा भोवती आठ-दहा माणसं जमली होती, दोघांनी घरून आपापले अर्ज आणले होते, आणि आता गाडीपाशी उभे राहून वीरण्णा वाट बघत होते. हा पंचावन्न मिनिटांचा अपव्यय वहीत आला नाही.

पुढं अहमदपूरचा चहा गेला, लोह्यापाशी गाडी पाच वेळा वळली, आणि नांदेडला दवाखान्याच्या दारात ते पोचले तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. वळणे सतरा.

पंचशीला म्हणाली, "नऊ नंबर कधीच गेला काका. पण लांबून आलात. सगळ्यात शेवटी घेतील."

दत्तोपंतांनी तिथला फॉर्म भरला आणि त्यातल्या शुद्धलेखनाच्या चार चुका पेन्सिलीनं दाखवून परत केला. आयुष्यात पहिल्यांदा ते कुठंतरी उशिरा पोचले होते. वीरण्णा आत आलेच नाहीत. बाहेर गाडीच्या बंपरवरून हात फिरवत उभे होते.

डॉक्टर बुद्धप्रिया चाळिशीच्या, शांत. त्यांनी दत्तोपंतांचं सगळं निवेदन मध्ये न बोलता ऐकून घेतलं, कॅलेंडरासकट. मग विचारलं, "काका, उद्यापासून कपडे कसेही वाळत घालायचे असं ठरलं तर?"

"तर ते चुकीचं होईल."

"तुमच्या या पद्धतीचा तुम्हाला त्रास होतो?"

"मला? मला कशाला होईल? त्रास बाकीचे देतात. ते नीट वागले तर प्रश्नच नाही."

डॉक्टर हसल्या. "ओसीडी वेगळा असतो. त्यात नको असलेला विचार माणसाच्या डोक्यात घुसतो. खोटा आहे हे बहुतेक वेळा त्याला कळत असतं, पण शंका सोडत नाही. ती भागवायला तो एकच गोष्ट परत परत करतो. क्षणभर बरं वाटतं, की पुन्हा शंका. तो त्यानं पिचून जातो. लपवतो, लाजतो. तुम्हाला तर तुमच्या पद्धतींचा अभिमान आहे. मला आज तरी तुमच्यात ओसीडी दिसत नाही."

दत्तोपंतांनी सरोजिनीबाईंकडे विजयी मुद्रेनं बघितलं. "हे लिहून द्या."

"थांबा. आणखी एक प्रकार असतो, तो स्वभावाचा. सगळं अचूक हवं, आपल्याच पद्धतीनं हवं, आणि त्या अचूकपणापायी कामच पुरं होत नाही. त्या माणसाला स्वतःला त्यात काही वावगं वाटत नाही. भोवतालचे दमतात. दोन्हींच्या इंग्रजी नावात सारखेपणा आहे, म्हणून लोक घोळ करतात. तुमचं तितकं आहे की नाही ते दोन-तीन भेटींशिवाय मी सांगणार नाही. काकू, तुम्ही सांगा."

सरोजिनीबाईंनी पदर सावरला. संसाराच्या अडतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता.

"नातीचं सांगते. उर्वीला दिवाळीच्या सुट्टीत वाळलेल्या पानांची वही करायची होती. पोरीनं हिंडून एकवीस पानं जमवली, चिकटवली. ह्यांनी बघितलं, अंतरं सारखी नव्हती. सगळी काढली. पट्टी लावून पुन्हा चिकटवायला बसले. शाळा उघडली तेव्हा वहीत चार पानं होती. चार पानं घेऊन गेली ती वर्गात."

"पण ती चार पानं बघायला पाहिजे होती!" दत्तोपंत म्हणाले.

"त्याला चौदा महिने झाले. त्यानंतर श्रीनाथ, सून मुग्धा, उर्वी कुणी आलं नाही."

"त्याला रजा नाही म्हणून."

"रजा आहे त्याला. मी तुम्हाला चिठ्ठीत लिहून दिलं होतं सगळं. समोर बोलायची हिंमत नव्हती म्हणून. तुम्ही त्यातलं शुद्धलेखन दुरुस्त करून चिठ्ठी मला परत दिलीत."

दत्तोपंतांना ती चिठ्ठी आठवली. अकरा चुका होत्या. त्यात लिहिलं काय होतं, ते मात्र आठवेना. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "तो... नको असलेला विचार म्हणालात. कसला असतो?"

"कुणाला वाटतं हात घाण आहेत. कुणाला वाटतं गॅस चालू राहिला. कुणाला गाडी चालवताना गचका बसला की वाटतं, आपण माणूसच चिरडला. तो परत जाऊन बघतो. कुणी नसतं. पुढं निघाला की वाटतं, नीट बघितलं का आपण?"

दत्तोपंत बसल्या जागी ताठ झाले. त्यांनी हळूच खिशातून वही काढून टेबलावर ठेवली.

"सतरा वेळा," ते म्हणाले. "लातूर ते नांदेड. प्रत्येकाची वेळ लिहिलेली आहे. मी कारण अज्ञात असं लिहिलं."

डॉक्टरांनी पानं उलटली. "हे कोण?"

"बाहेर उभे आहेत."

दत्तोपंत बाहेर गेले. वीरण्णा टायरपाशी उकिडवे बसून रबराच्या खाचांतून बोट फिरवत होते. काय शोधतायत, हे आता दत्तोपंतांना विचारावं लागलं नाही. त्यांनी खांद्यावर हात ठेवला, तसे वीरण्णा दचकून उठले आणि म्हणाले, "माफी करा साहेब. तुमचा नंबर गेला माझ्यापायी."

"आत चला. याला नाव आहे वीरण्णा. डॉक्टरांना माहीत आहे ते."

वीरण्णांनी काळं झालेलं बोट रुमालाला पुसलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "नाव हाय? म्हंजी दुसऱ्या कुणाला भी होतंय का हे?"

पण टेबलावर पंचशीला होती. "एक वाजता नोंदणी बंद झाली काका. नियम आहे."

नियम हा शब्द ऐकला की दत्तोपंत एरवी मागं सरकून उभे राहत. आज ते जागचे हलले नाहीत. "माझा नऊ नंबर अजून संपलेला नाही ना? मग नऊच्या रकान्यात ह्यांचं नाव लिहा."

"रजिस्टरमध्ये खाडाखोड होईल."

"होऊ द्या," दत्तोपंत म्हणाले. त्यांनी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि 'देगलूरकर' वर स्वतःच्या हातानं काट मारली. पट्टीशिवाय. ती वाकडी गेली. सरोजिनीबाईंनी दाराच्या चौकटीला धरून ते बघितलं.

आत गेल्यावर दत्तोपंत बाहेर यायला निघाले, तर वीरण्णा म्हणाले, "साहेबांला बसू द्या." आणि मग ते बोलले. लातूरच्या त्या गल्लीत कुणी त्यांना एका वेळी चार वाक्यांपेक्षा जास्त बोलताना ऐकलं नव्हतं.

"नोकरीची शेवटची आठ वर्सं झालं हे. बस काई वळवता येत न्हाई. माझ्या गाडीवर लक्ष्मीबाई कंडक्टर होत्या. गचका बसला की मी विचारायचो, बाई, मागं काई न्हाई नं? त्या म्हणायच्या, काई न्हाई अण्णा, चला. दिवसाला पन्नास बार इचारलं असंल. पण मन मानायचं न्हाई. ड्युटी संपली की मी उलट्या गाडीत बसायचो, खिडकीपाशी. समदा रस्ता बघत जायचो, पुन्हा बघत यायचो. घरी सांगायचो, डबल ड्युटी हाय. विनाअपघाताचं बक्षीस द्यायले होते मला, हार गळ्यात, आन् मी स्टेजवर उभं राहून इचार करायलो, ह्यांला काय माहीत, एखादा राह्यला असंल मागं."

"मग रिटायर झाल्यावर?" डॉक्टरांनी विचारलं.

"चाकाला हातच लावला न्हाई. पाच वर्सं."

"आणि आज?"

"वहिनी आल्या इचारायला. न्हाई म्हणाया कारण काय सांगू? तीन रात्री डोळ्याला डोळा न्हाई. पण साहेबांचं काम अडंल, म्हणून आलो."

दत्तोपंतांनी खाली बघितलं. पहाटे हा माणूस सगळ्यात मोठ्या भीतीच्या शेजारी बसला, किल्ली फिरवली आणि दीडशे किलोमीटर ती भीती हातात धरून आला. आणि आपण शेजारी बसून मिनिटं मोजली. आपल्याला वाटायचं, नेटानं जगणारा माणूस म्हणजे आपण. त्यांना या बारीक अंगाच्या, धुतल्या पांढऱ्या सदऱ्यातल्या ड्रायव्हरकडे मान वर करून बघावंसं वाटलं, डोंगराकडे बघतात तसं.

डॉक्टरांनी सांगितलं, याच्यावर इलाज आहे. गोळ्या आहेत आणि मनाचा सराव आहे, तो हळूहळू, त्यांच्या देखरेखीखाली करायचा. आज काही करून दाखवायचं नाही. मग त्या दत्तोपंतांकडे वळल्या. "एक मात्र आहे. ह्यांनी विचारलं, मागं काही नव्हतं ना, तर 'काही नव्हतं' असं सांगायचं नाही. सांगितलं की शंका तेवढ्यापुरती निजते आणि आणखी मोठी होऊन उठते. चिडायचंही नाही. नुसतं बरोबर राहायचं."

"माहिती असून सांगायचं नाही?"

"नाही."

यापेक्षा अवघड काम दत्तोपंतांना उभ्या नोकरीत कुणी दिलं नव्हतं.

निघताना त्यांनी पंचशीलाकडून पुढच्या मंगळवारचे दोन नंबर घेतले. "एक वीरण्णांचा. एक माझा."

"तुमच्या रकान्यात तक्रार काय लिहू? निरंक?"

"घरच्यांची," दत्तोपंत म्हणाले. "माझ्याबद्दल. ग्राह्य आहे, तशी नोंद घ्या."

परतताना वही खिशातच राहिली. गाडी वळायची तशी वळत होती, पण आता ती वळली की दत्तोपंतही उतरायचे आणि वीरण्णांबरोबर कडेनं चालायचे. काही बोलायचे नाहीत. गवत, एक फुटकी बाटली, कुणाची तरी चप्पल. वीरण्णा त्या चपलेकडे किती वेळ आणि कोणत्या चेहऱ्यानं बघत होते, ते बघून दत्तोपंतांच्या अंगावर काटा आला. बस चालवताना या माणसानं आठ वर्षं एवढं सगळं आत कोंडून पन्नास पन्नास उतारू सुखरूप पोचवले होते.

अहमदपूर मागं पडलं. उन्हं कलली होती. चाकूर जवळ आलं तसं एका उखडलेल्या जागी चाक जोरात आदळलं. वीरण्णांनी गाडी कडेला घेतली. पण वळवली नाही. इंजिन चालू, दोन्ही हात चाकावर, बोटं पांढरी पडलेली.

"साहेब," ते म्हणाले, "मागं... काई न्हाई नं?"

दत्तोपंतांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. डांबराचा ढेपसा होता. उत्तर जिभेच्या टोकाशी होतं, अचूक, पुराव्यासह. दत्तोपंतांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"मी इथंच आहे," ते म्हणाले. तेवढंच.

वीरण्णांच्या कानशिलावरून घामाची धार निघाली. एक ट्रक गेला, एक जीप गेली. एका बैलगाडीनं त्यांना मागून गाठलं आणि ती सावकाश पुढं निघून गेली. किती वेळ गेला ते दत्तोपंतांनी बघितलं नाही. वीरण्णांचे खांदे थरथरत होते, मग जरा कमी थरथरले. त्यांनी एकदा आरशात बघितलं, डोळे मिटले, उघडले आणि गिअर टाकला.

गाडी पुढं गेली. शंभर हात, दोनशे हात. चाकूरची पहिली घरं आली, दुकानं आली, टपरी आली आणि मागं गेली.

"वळलो न्हाई साहेब मी," वीरण्णा म्हणाले.

दत्तोपंतांना काहीतरी बोलायचं होतं. इतकी वर्षं त्यांनी दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त केली होती. स्वतःला एकही सुचेना.

"वीरण्णा, तुम्ही म्हणजे..." ते म्हणाले.

वाक्य तिथंच थांबलं. त्यांनी ते तसंच राहू दिलं.